शंभर नंबरी साग

देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने भारतातल्या इमारती लाकडांची तुलना करण्यासाठी एक सोपी युक्ती वापरली. सागाला प्रत्येक रकान्यात १०० गुण द्यायचे आणि बाकीची लाकडं त्याच्याशी ताडून बघायची. वजन, तुळई म्हणून ताकद, ताठपणा, धक्का सोसण्याची क्षमता, कठीणपणा, आकार टिकवून धरण्याची क्षमता, असे ते रकाने. तक्ता वरवर चाळला तर सागाचा एवढा बोलबाला कशासाठी, असंच वाटेल. कठीणपणात बाभूळ, खैर, साल ही मंडळी आरामात शंभरी ओलांडतात. धक्का सोसण्यात तर साग सामान्यच. पण आकार टिकवण्याच्या रकान्यात आलं की चित्र पालटतं. वरच्या रकान्यांत दंड थोपटणारे बहुतेक पैलवान इथे शंभराच्या बरेच खाली घसरतात.

सागाची सगळी किंमत या एका रकान्यात आहे, असं माझं मत आहे. सुताराला लाकूड कापता येतं, तासता येतं, जोडता येतं. जोडून झाल्यावर ते आपल्या मनाने हलू लागलं, तर मात्र त्याच्या हातात काही उरत नाही.

लाकूड हलतं म्हणजे काय, ते जरा सावकाश बघू. झाड तोडलं, फळ्या पाडल्या, वाळवल्या, तरी लाकूड हवेतली ओल घेणं आणि सोडणं थांबवत नाही. वैशाखात ते आक्रसतं, श्रावणात फुगतं. लांबीत हा फरक जवळपास शून्य असतो, सगळा खेळ रुंदीचा. त्यातही दोन दिशा आहेत. ओंडक्याच्या गाभ्यापासून सालीकडे जाणारी एक आणि वाढीच्या वलयांना धरून गोल फिरणारी दुसरी. दुसऱ्या दिशेत लाकूड पहिलीच्या साधारण दुप्पट हलतं. एकाच फळीत दोन बाजू वेगवेगळ्या मापाने आक्रसल्या की फळीला बाक येतो किंवा पीळ पडतो. ओला साग पूर्ण वाळेपर्यंत पहिल्या दिशेत सुमारे अडीच टक्के आणि दुसऱ्या दिशेत साडेपाच टक्क्यांच्या आसपास आक्रसतो. हल्ली फर्निचरसाठी युरोपातून येणाऱ्या बीचच्या लाकडात हेच आकडे याच्या दुपटीपेक्षा जास्त आहेत.

टक्क्यांवरून नीट अंदाज येत नाही, म्हणून एक हिशेब मांडतो. फूटभर रुंदीची सागाची फळी घ्या, ओंडका सरळ उभा चिरून काढलेली, जिच्यावर डोंगरासारखी रेघांची नक्षी दिसते तशी. कोरड्या उन्हाळ्यापासून भर पावसापर्यंत तिच्यातली ओल आठ टक्क्यांनी वाढली असं धरा. ती सुमारे साडेचार मिलिमीटर रुंद होईल. तीच फळी वलयांना आडवी छेदून काढलेली असेल, म्हणजे रेघा सरळ समांतर असतील, तर अडीच मिलिमीटरच्या आत. बीच असतं तर पहिल्या प्रकारात फरक एक सेंटिमीटरच्या घरात गेला असता. दाराच्या चौकटीत आपण जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची फट ठेवतो. जुलै महिन्यात मुंबईतली निम्मी दारं खांदा लावून का ढकलावी लागतात, ते या हिशेबात आहे. दिवाणखान्याची खिडकी, देव्हाऱ्याचं दार, कपाटाचा खण, नेमकं सरकत किंवा मिटत राहायला हवं असं जिथे काही आहे, तिथे सुतार सागाचं नाव घेतो ते उगाच नाही.

हा शांतपणा कुठून येतो, हे ओंडक्याच्या ताज्या कापावर डोळ्यांनीच बघता येतं. सालीच्या आत लगेच एक फिकट, पिवळसर पांढरा पट्टा असतो आणि त्याच्या आत गडद गाभा. पांढरा भाग म्हणजे झाड जिवंत असताना पाणी वाहून नेणारं लाकूड. आतल्या पेशींचं काम संपत जातं, तसं झाड त्यांत काही रसायनं भरून ठेवतं. सागाच्या गाभ्यात रबरासारखा एक पदार्थ असतो, तेलकट अंश असतो, टेक्टोक्विनोनसारखी वाळवीला नकोशी संयुगं असतात. ताज्या चिरलेल्या गाभ्याचा रंग आधी हिरवट, ठिकठिकाणी काळपट रेघांचा दिसतो आणि उजेडात काही दिवस राहिला की सोनेरी तपकिरी होतो. हात फिरवला तर किंचित मेणचट लागतो. वास जुन्या चामड्याचा. पाण्याचा थेंब टाकला तर तो लगेच शोषला जात नाही, गोळा होऊन बसतो. पांढऱ्या भागात यातलं काहीही नसतं. तोही सागच, झाड तेच, पण वाळवीला तो आंब्याच्या किंवा सावरीच्या लाकडाइतकाच प्रिय.

टिकाऊपणा मोजायची वन संशोधकांची पद्धत साधी आणि चिकाटीची आहे. लाकडाचे खुंट अर्धे जमिनीत पुरायचे आणि वाळवी व बुरशी त्यांचं काय करते ते वर्षानुवर्षं बघायचं. सरासरी १२० महिन्यांच्या वर तग धरला तर पहिला वर्ग. सागाचा गाभा या वर्गात बसतो. एखादं लाकूड दहा वर्षं उघड्या जमिनीत टिकलं, तर छताखाली कोरड्यात ते किती टिकेल याचा अंदाज करायला कार्ल्याला जावं. तिथल्या चैत्यगृहाच्या गजपृष्ठाकार छताला आतून सागाच्या लाकडी कमानी आहेत आणि स्तूपावर लाकडाचंच छत्र आहे. कातळात कोरलेल्या छताला त्यांचा आधार लागत नाही. आधीच्या लाकडी इमारतींची सवय म्हणून त्या बसवलेल्या. सुमारे दोन हजार वर्षांनंतरही त्यांतल्या कित्येक जागेवर आहेत. पावसाची झड आत येत नाही हे खरं, पण मावळातली चार महिन्यांची दमट हवा त्यांनी दोन हजार वेळा पचवली आहे.

जहाजबांधणीत सागाला जे स्थान मिळालं त्यात न हलण्याबरोबर आणखी एक गुण कामी आला. युरोपातली जहाजं ओकची असत. ओकमध्ये टॅनिन भरपूर, त्यामुळे त्यात ठोकलेले लोखंडी खिळे गंजत आणि खिळ्याभोवतीचं लाकूड काळं पडून कुजे. सागात लोखंड तुलनेने सुखाने राहतं. सुरतेचे लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये मुंबईत आले, १७५० मध्ये इथे सुकी गोदी तयार झाली आणि पुढची शंभर वर्षं वाडियांच्या पिढ्यांनी मलबारच्या सागातून जहाजं उभी केली. ब्रिटिश आरमाराने तर आपल्या युद्धनौका मुंबईत बांधून घेतल्या. अफू युद्धानंतर १८४२ मध्ये चीनने ज्या जहाजावर नानकिंगच्या तहाची सही केली, ते ‘कॉर्नवॉलिस’ मुंबईचं होतं. १८१७ मध्ये इथे पाण्यात उतरलेलं ‘त्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे, अजून तरंगतं आहे आणि लोक तिकीट काढून ते बघतात. मुंबईत त्या काळातलं इतकं धडधाकट दुसरं काय दाखवता येईल, असा प्रश्न मला नेहमी पडतो.

आपल्याकडे आरमारासाठी लाकूड जमवण्याचा विचार त्याच्याही आधी झालेला आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, आरमाराला लागणारा साग-शिसव रानातून हुजूरच्या परवानगीने तोडावा, कमी पडला तर बाहेरून विकत आणावा, असं सांगितलं आहे. आंबा-फणसही कामाचे, पण त्यांना हात लावू नये, कारण ती झाडं रयतेने पोरांसारखी वाढवलेली असतात. लाकडाची जात, उपयोग आणि मालकी या तिन्हींचा विचार एका दमात केलेला हा मजकूर वनखात्याच्या आजच्या परिपत्रकांपेक्षा कितीतरी स्वच्छ आहे.

पेशवाईत हाच साग वाड्यांत आला. शनिवारवाड्यासाठी जुन्नरच्या रानातून साग आणला असं सांगतात. १८२८ च्या आगीत तो सगळा गेला, उरले ते दगडी तट आणि जोती. विश्रामबागवाड्याचे सुरूच्या झाडासारखे कोरलेले खांब मात्र आजही जवळ जाऊन बघता येतात. नक्षीसाठी साग शिसवीइतका बारीक पोताचा नाही. त्याच्या प्रत्येक वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची एक रांग असते, उभ्या कापावर तिच्याच बारीक खाचा दिसतात. त्यामुळे अगदी नाजूक कोरीवकाम त्यात उठून येत नाही. खांब, तुळया, दारावरची गणेशपट्टी अशा ठसठशीत कामाला तो चांगला.

सुताराच्या हाताला साग कसा लागतो? वजन आटोपशीर, वाळलेला एक घनफूट साग १८-१९ किलोच्या आसपास भरतो. रंधा सरळ चालतो, ढलप्या सलग निघतात, पटाशीला तो अडत नाही. पण धार खातो. सागाच्या पेशींत वाळूचा, म्हणजे सिलिकाचा अंश असतो, काही लाकडांत तो वजनाच्या एक टक्क्याच्याही वर जातो. साध्या पोलादाची पाती लवकर बोथट होतात, म्हणून यंत्रावर काम करणारे कार्बाइडच्या दातांची करवत लावतात. हाताने काम करणारा जुना सुतार सागावर बसला की शेजारी धार लावायचा दगड आणि पाणी हवंच.

दुसरी अडचण चिकटवण्याची. जो तेलकटपणा पाण्याला आत येऊ देत नाही तो सरसालाही येऊ देत नाही. म्हणून जोड चिकटवायचा पृष्ठभाग ताजा रंधलेला हवा, आणि थिनरने किंवा अ‍ॅसिटोनने पुसून लगेच सरस लावायला हवा. आज रंधून परवा चिकटवलेला जोड दोन वर्षांत सुटला तर दोष डब्याला देऊ नये. पॉलिशच्या बाबतीतही तसंच. काही तेलयुक्त वॉर्निश सागावर वाळायला नको इतका वेळ घेतात. बाहेर ठेवलेल्या बाकाला तर काही न लावलं तरी चालतं. ऊन-पावसात तो वर्षा-दोन वर्षांत रुपेरी राखाडी होतो, पण तो बदल वरवरचा, हलका रंधा मारला की खाली सोनेरी रंग तसाच असतो. सागाचा भुसा मात्र त्रासदायक. त्यातल्या काही संयुगांनी कित्येकांच्या कातडीला खाज सुटते, पुरळ येतं, शिंका येतात. बंद खोलीत यंत्रावर साग घासणाऱ्याने तोंडाला नीट मास्क लावावा. आपल्याकडे गमछा गुंडाळून भागवतात, ते पुरेसं नाही.

जिथे दणके बसतात तिथे साग नको. बैलगाडीच्या चाकाचा तुंबा आणि आरे बाभळीचे करतात, कुऱ्हाडीला धामणीचा दांडा घालतात. सागाचा दांडा चार घावांत चिरेल. नांगर, मोगरी, मुसळ यांतही साग दिसत नाही. खेड्यातल्या सुताराने लाकडाची ही वाटणी तक्ता न बघता केली आणि देहरादूनच्या तक्त्यातले धक्का सोसण्याचे आकडे तिला दुजोरा देतात.

आता झाडाकडे. नैसर्गिक सागवन जगात चारच देशांत आहे: भारत, म्यानमार, थायलंड आणि लाओस. म्यानमारमध्ये साग तोडण्याची जुनी पद्धत मोठी रंजक आहे. ओला साग पाण्यात बुडतो. म्हणून आधी उभ्या झाडाच्या बुंध्याला गाभ्यापर्यंत गोल खाच पाडतात. पाणी वर जायचं थांबतं आणि झाड उभ्या उभ्या मरून दोन-तीन वर्षं रानातच वाळतं. मग तोडून ओंडके ओढ्यांत सोडायचे, पावसाळी पुराबरोबर ते इरावतीत पोचायचे. झाड तोडण्याच्या नुसत्या पद्धतीतच वाळवणं आणि वाहतूक दोन्ही साधत होतं. हा उद्योग शिस्तीत चालावा म्हणून इंग्रजांनी १८५६ मध्ये डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाला पेगूच्या सागवनावर नेमलं. पुढे १८६४ मध्ये तोच भारताचा पहिला वन महानिरीक्षक झाला. भारतातल्या सरकारी वनखात्याचा पाया सागाच्या हिशेबावर घातला गेला, असं म्हणायला हरकत नाही. आणि त्या हिशेबात आदिवासींची कुऱ्हाड कायम खर्चाच्या बाजूला मांडली गेली, हेही म्हणायला हवं.

महाराष्ट्रात सागाची राजधानी गडचिरोली-चंद्रपूर. आलापल्लीचा साग आणि बल्लारशाचा डेपो ही नावं लाकूडबाजारात अजून वजनदार आहेत. कमलापूरचे हत्ती आज पर्यटक बघायला जातात, पण ते आले होते ओंडके ओढण्यासाठी. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये साग गेला तो बल्लारपूरहून. तिथल्या सागाला बाजारात ‘सीपी’ म्हणतात. मध्य प्रांत जाऊन पाऊण शतक झालं तरी इंग्रजी नावाची ती दोन अक्षरं वखारीत टिकून आहेत. हा साग सावकाश वाढलेला, गडद रंगाचा, काळ्या रेघांचा. बर्मी साग जास्त सरळ रेघांचा, एकसारख्या रंगाचा आणि कमी गाठींचा. म्यानमारने २०१४ मध्ये ओंडक्यांची निर्यात बंद केली, तरी ‘बर्मा’ या नावाने माल विकला जातोच. तो कुठला, ते विक्रेता जाणे.

लागवडीचा साग हा वेगळा विषय. केरळात निलंबूरला मलबारचे कलेक्टर कोनोली यांनी १८४० च्या दशकात चातू मेनन यांच्या मदतीने साग लावायला घेतला. बी उगवायलाच फार अडलं, कारण सागाचं फळ टणक आणि हट्टी. १८४६ ची झाडं तिथे अजून उभी आहेत. आज बाजारात येणारा बराचसा साग घाना, इक्वेडोर, कोस्टा रिका अशा ठिकाणच्या वीस-पंचवीस वर्षांच्या लागवडींतून येतो. तो कमकुवत असतो हा समज चुकीचा आहे. सागाची गंमत अशी की भरभर वाढला म्हणून त्याचं वजन आणि ताकद फारशी घटत नाही. फरक पडतो तो गाभ्यात. कोवळ्या झाडात पांढऱ्या भागाचं प्रमाण मोठं, गाभा लहान आणि त्यातली रसायनंही कमी. म्हणजे तुळईसाठी तो चालेल, पण ज्या गुणासाठी आपण सागाचे पैसे मोजतो तो गुण अर्धवट. १९९० च्या दशकात ‘अमुक हजार गुंतवा, वीस वर्षांत लाखो मिळवा’ अशा सागलागवडीच्या योजनांच्या जाहिराती महाराष्ट्रभर झळकल्या होत्या. १९९९ मध्ये सेबीने सामूहिक गुंतवणुकीचे नियम आणले तोवर बऱ्याच योजना बुडून गेल्या होत्या. त्या जाहिरातींत झाडाच्या घेराचे आकडे असत, गाभ्याचा उल्लेखही नसे. शिवाय स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही महाराष्ट्रात १९६४ च्या कायद्यानुसार परवानगी लागते आणि लाकूड हलवायला वाहतूक पास. तेही त्या जाहिरातींत नसे.

वखारीत गेल्यावर भाव विचारण्याआधी फळीचं टोक बघावं. वलयं, प्रत्येक वलयाच्या आरंभी मोठ्या छिद्रांची रांग, काही छिद्रांत पांढरट पूड, हे दिसलं तर साग. ‘आफ्रिकन टीक’ म्हणून मिळणारा इरोको चांगलं लाकूड आहे, पण तो साग नाही आणि त्याच्या टोकावर अशी रांग दिसत नाही. मग पांढरा भाग किती आहे ते पाहावं. काही ठिकाणी तो डाग देऊन गाभ्याच्या रंगाचा केलेला असतो. कडेला रंधा मारून दाखवायला सांगितलं की उघडं पडतं, आणि दाखवायला कुरकुर केली तरी उत्तर मिळतंच. ‘टीक’ लिहिलेल्या प्लायवर सागाचा पापुद्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. दिसायला सुंदर, पण आत कुठलं लाकूड आहे यावर त्याचं सगळं आयुष्य.

ओंडका विकत घेणाऱ्याने मापाचाही हिशेब समजून घ्यावा. घेराचा चौथा भाग काढायचा, त्याचा वर्ग करायचा आणि लांबीने गुणायचं, ही जुनी पद्धत अजून चालते. चार फूट घेराचा, दहा फूट लांबीचा ओंडका या पद्धतीने दहा घनफूट भरतो. भूमितीने तो पावणेतेरा घनफूटांच्या जवळ जातो. वरचं लाकूड फुकट मिळतं असं समजू नये, साल आणि करवतीचा भुसा यांत ते जातं.

मला विचाराल तर सर्वांत चांगला साग आज रानात नाही आणि वखारीतही नाही. तो पाडल्या जाणाऱ्या वाड्यांत, चाळींत आणि जुन्या गिरण्यांत आहे. शंभर-दीडशे वर्षं छताखाली वाळलेल्या, रानात सावकाश वाढलेल्या झाडांच्या तुळया, जवळपास सगळा गाभा. जुन्या लाकडाचे व्यापारी त्या उचलतात, पण सॉ मिलवाला चिरून द्यायला नाखूश असतो. आत कुठेतरी हाताने घडवलेला चौकोनी खिळा मोडून राहिलेला असतो आणि तो लागला की पट्टा करवतीचे दात एका फेरीत जातात. सागात लोखंड सहसा गंजून नाहीसं होत नाही, त्याचा हा उलटा परिणाम. म्हणून चिरण्याआधी तुळईवर हातातलं मेटल डिटेक्टर फिरवावं, काळे ठिपके दिसतील तिथे गिरमिटाने पोखरून खिळा काढावा, आणि मग पहिला काप बाहेरून अर्धा इंच सोडून घ्यावा. आतलं लाकूड पुन्हा वाळवायची फारशी गरज नसते. चिरलेल्या फळ्या पट्ट्यांवर रचून घरातल्या हवेत तीन-चार आठवडे ठेवल्या की दारं करायला घेता येतात.